बाईंना द्यायचं राहिलेलं उत्तर

मेधाबाई गेल्याचं मला फोनवर कळलं, तेव्हा मी बालवाडीतल्या मुलांचे हात धुवून देत होते. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "पण त्या गुरुवारी येणार होत्या…" त्याला आता महिना होत आला.

बाई आमच्या पर्यवेक्षिका. दिवेआगरहून स्कूटरवर येऊन आसपासच्या बालवाड्यांतल्या शिक्षिकांचे वर्ग बघायच्या. मी कोळीवाड्यातलीच, घरातली कॉलेजला गेलेली पहिली. सकाळी बालवाडी, दुपारी कॉलेज. बाईंची भेट म्हणजे मला परीक्षाच वाटायची. त्या पहिल्यांदा येणार होत्या, त्या सकाळी मी मुलांच्या आयांना बजावलं, "मासळीच्या टोपल्या घेऊन दाराशी थांबू नका, वास येतो." भिंतीवर फळांचा नवा तक्ता लावला, उत्तरं देणारी मुलं पुढे बसवली आणि कधीच न बोलणारा चार वर्षांचा चिराग मागे.

बाई येऊन नेमक्या त्याच्याच शेजारी सतरंजीवर बसल्या. अर्ध्या तासाने त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "थांब जरा. या मुलाला तू एकदाही हाक मारली नाहीस." मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली. माझे कान तापले.

मुलं घरी गेल्यावर त्यांनी विचारलं, "चिरागला काय काय येतं?"

"काही नाही, बाई. बोलतच नाही तो."

"हे तुला कसं कळलं?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून त्या उत्तराची वाट बघत राहिल्या. मी फळांच्या तक्त्याची कड सरळ करायला लागले. मग म्हणाल्या, "चल, बघून येऊ."

मासळी वाळवायच्या खळ्यावर चिराग आईजवळ बसून जवळ्यातून, त्या बारीक सुक्या कोळंबीतून, बारकी मांदेली आणि खेकडे वेगळे काढत होता, भराभर, न चुकता. त्याची आई मला म्हणाली, "आता बाईंना घेऊन आलीस व्हय? सकाळी वास येत होता ना तुला!" मग बाईंकडे वळून, "माज्यापेक्षा बरा निवडतो त्यो."

मी मान खाली घातली. लहानपणी याच खळ्यावर मी हेच करत होते… दुसऱ्या दिवशी मी सुकी मासळी वर्गात नेली. मुद्दाम नव्हे, पण एका माशाचं नाव मी चुकीचं सांगितलं, तर मागून आवाज आला, "मांदेली न्हाय ती, बाय." चिराग बोलला होता.

त्या दिवशी खळ्यावरून निघताना बाईंनी विचारलं होतं, "आता माझं सांग. माझं काय चुकलं?"

"काही नाही, बाई."

"असं कसं? विचार कर. पुढच्या खेपेला सांग."

पुढे प्रत्येक भेटीत त्यांनी ते विचारलं आणि प्रत्येक वेळी मी हसून टाळलं. एवढ्या मोठ्या बाईंना मी काय सांगणार, असं वाटायचं. त्या गेल्यावर आम्ही सगळ्या त्यांच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा इतर शिक्षिकांशी बोलताना कळलं, त्या सगळ्यांनाच हे विचारायच्या. आम्ही कुणीच कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं त्या विचारत राहिल्या, ते नुसतं विचारायचं म्हणून नक्कीच नाही. मग उत्तराशिवाय परत जाताना त्यांना काय वाटत असेल?

बाई, तुमचं सगळं बरोबर होतं. फक्त मुलांसमोर बोललात, ते लागलं. बाहेर पायरीवर सांगितलं असतं, तरी मी ऐकलं असतं.