मामांनी न विचारलेला प्रश्न

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड हातात आलं, तेव्हा वाचायची गरजच उरली नाही. तळ्याजवळच्या गावी राहणारे माझे मामा गेले... त्याला आता सहा आठवडे होतील.

मी मुंबईच्या इंग्रजी शाळेतली, कमी बोलणारी. सुट्टीत मामा मला देवराईत नेत. काळ्या तोंडाच्या वानरांचा मोठा कळप तिथे असे. "पाहुणी आलीय, नीट बसा जरा!" असं त्यांना दटावून मामा माझ्याकडे वळत. "तुझ्यापरीस ही बरी गो. हाक मारली तर बघतात तरी!"

सात वर्षांपूर्वी कोळशाचा ठेकेदार आला. आसपासचे डोंगर त्याच्या भट्ट्यांनी आधीच उघडे केले होते. उरली होती ती देवराई. ती तोडू द्या, बदल्यात देवळावर नवं छप्पर घालून देतो, म्हणाला. पण देवीला विचारल्याशिवाय तिथलं वाळकं पानही कुणी उचलत नसे, आणि गावाच्या वतीने विचारायचा मान मामांचा. गुरवाने मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या लावल्या. मामा हात जोडून म्हणाले, "आई, छपरासाठी झाडं देतेस काय? देत असशील तर उजवी सोड." उजवी कळी पडली.

मी खांबाआड उभी होते. वानरांचं कुणी विचारलंच नाही, हे माझ्या मनात आलं. एवढ्या माणसांत बोलायचा धीर मात्र झाला नाही.

पावसाआधी देवराई तुटली. कळप दोन दिवस उघड्या उतारावर बसून होता. मग वानरं परसांत शिरून वेल ओरबाडू लागली, आणि लोकांनी गोफणी काढल्या. शेवटी पाच उरली, ती मामांच्या फणसावर राहिली. मामा रोज त्या झाडाखाली फळी टाकून राखण करत बसत. एकदा म्हणाले, "झाडांचं विचारलं गो... त्यात ऱ्हाणाऱ्यांचं विचारायचं ऱ्हायलं." मी तेव्हाही गप्पच राहिले.

तेराव्याला मी गावी गेले. ते उरकल्यावर मामेभाऊ कुऱ्हाड घेऊन परसात आला. ओटी वाढवायला फणसाचं लाकूड हवं होतं.

"आता कुणाला विचारायचंय?" तो मामीला म्हणाला.

"वर बसलीत, त्यांना विचार, दादा." हे मी बोलले होते.

दादाने मान वर केली. मग तो कुऱ्हाड घेऊन घरात गेला.

"तुला वाचा हाय म्हणायची!" मामी डोळे पुसत म्हणाली.

ती आत गेल्यावर मी मामांच्या फळीवर बसले आणि त्यांना सांगितलं... मामा, मलाही तेव्हाच वाटलं होतं.