नारळ फोडून दिलेला विळा

प्रभाकरभाऊचा विळा माझ्याकडे आहे. चोरला नाही, मागितला नाही, त्यानंच दिला. तरी टोळीतली माणसं अशी बघतात जसा काही मीच त्याचा घास हिसकावला!

आमची टोळी केळी कापणाऱ्यांची, आठ जणांची. विळा एकाच्याच हातात. कुठला घड भरला, कुठला आठ दिवस ठेवायचा, ते तोच ठरवतो. बाकीचे खांद्यावर घड घेऊन बांधापर्यंत वाहणारे. प्रभाकरभाऊनं बावीस वर्षं विळा धरला. केळाच्या कडेच्या धारेवरून अंगठा फिरवायचा, धार गेली असेल तर घड भरला, आणि सांगायचा, बस. बुऱ्हाणपूरचे व्यापारी त्याच्या शब्दावर गाडी भरायचे. आणि मी, कडू, बारा वर्षं वाहणारा. खांद्याला घट्टा पडलाय.

यंदा खकनार रस्त्याला नवं पॅकहाऊस निघालं. माल परदेशी जाणार म्हणे. त्यांनी प्रभाकरभाऊला बोलावून 'क्वालिटी सुपरवायझर' असं छापलेला कागद हातात दिला. काय तो आनंद! गड्यानं इतवाऱ्याच्या बाजारातून पांढरा शर्ट शिवून आणला. "कडू, बावीस वर्षांनी कुणाला तरी माझी किंमत कळली रे," म्हणाला.

आमच्यात विळा हात बदलतो तो फक्त खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेत. नारळ न फोडता दिला तर उसना, कधीही परत मागावा. फोडून दिला तर पुढच्या खंडेनवमीपर्यंत देणाऱ्यानं विळ्याचं नाव काढायचं नाही. टोळीतले म्हातारे उखर्डूबाबा कानीकपाळी ओरडले, "उसना दे रे! नवी नोकरी, आधी बघ तरी!" पण ऐकेल तो प्रभाकरभाऊ कसला! "आता परत कोण येतंय?" म्हणाला आणि दगडावर नारळ फोडला. पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला. खोटं कशाला बोलू, मला तो गोड लागला.

पुढचं त्यानं उखर्डूबाबांच्या ओट्यावर एकदाच सांगितलं. सुपरवायझर म्हणजे दिवसभर उभं राहून केळ्यांच्या फण्यांवर स्टिकर चिकटवायचे. माल बघायचं काम कुणाचंच नाही, गाडी आली की माल आत. अठराव्या दिवशी सगळी गाडीच कोवळ्या केळ्यांची आली. प्रभाकरभाऊ आडवा उभा राहिला, "हा माल पिकायचा नाही, काळा पडेल." मॅनेजर मोहित, त्याच्या पोराच्या वयाचा. मोबाइलमधून मानही वर न काढता म्हणाला, "काका, आपको देखने को किसने बोला? स्टिकर लगाओ ना."

प्रभाकरभाऊनं स्टिकरचं बंडल टेबलावर ठेवलं आणि नऊ किलोमीटर चालत घरी आला.

दोन दिवसांनी तो मळ्यात आला, जुन्या बनियनवर. मी विळा पुढे केला, "घे भाऊ." पुढे केला खरा, पण मूठ सैल सोडली नव्हती. त्याला दिसलीच असणार.

"नारळ फोडलाय ना रे," तो म्हणाला. उखर्डूबाबांनी तोंड फिरवलं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. अजून वाटते.

त्यानं गमछ्याची घडी खांद्यावर टाकली आणि मी कापणार होतो त्याच घडाखाली येऊन उभा राहिला. मी केळावर अंगठा फिरवला, अगदी त्याच्यासारखा. काही कळेना. धार आहे की गेली? मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं घडाकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं. कोवळा माल चालवून घेतला नाही म्हणून नोकरीवर लाथ मारून आलेला माणूस! एक शब्द बोलला असता तरी मी हात थांबवला असता. बोल ना भाऊ, शिवी दे, काहीही बोल.

त्यानं मान खाली घातली. "काप," म्हणाला, "विळा तुझा आहे."

मी कापला. घड कोवळाच होता. त्यानं तो बांधावर नेऊन ठेवला आणि पुढच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला.