मंगळवार आधी येतो

समुद्र कधीच न पाहिलेले खिल्लारे सर फळ्यावर जहाज काढायचे. ते हुबेहूब टेम्पोसारखं दिसायचं, फक्त चाकं नसायची. कळमनुरीच्या कॉलेजात ते आम्हाला वाणिज्य शिकवायचे आणि गावी आमच्याच गल्लीत राहायचे. बंदरांचा धडा आला की म्हणायचे, "परक्याच्या जहाजावर जादा कर लावला, की तिकडं आपलं जहाज अडतं. मग दोन्ही देश शहाणे होतात अन् लिहून देतात, तुमी आमच्यावरला कर उचला, आमी तुमच्यावरला उचलतो." 'शहाणे होतात' म्हटल्यावर ते स्वतःच हसायचे.

मी अकरावीत असताना आमच्या ग्रामपंचायतीला अवदसा आठवली. मंगळवारच्या बाजारात परगावच्या गाड्यांवर तिने दुप्पट बाजारपट्टी लावली. ओढ्यापलीकडचं गाव काय गप्प बसतं? त्यांनी शुक्रवारच्या बाजारात आमच्या गाड्यांवर तेच केलं. माझे वडील शेळ्या-बोकडं त्याच बाजारात विकायचे. टेम्पोचं भाडं आणि वर ही पट्टी त्यांना परवडेना. एका संध्याकाळी ते आईला म्हणाले, "येत्या महिन्यात सगळा कळप काढून टाकू." मी ताट तसंच ठेवून शेळ्यांपाशी जाऊन बसले.

सकाळीच मी सरांकडे गेले. आयुष्यभर शिकवलेल्या धड्याला पहिल्यांदाच गिऱ्हाईक मिळालं होतं. दोन्ही सरपंचांना भेटून त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात करार लिहिला: 'तुम्ही जादा पट्टी थांबवाल त्या दिवसापासून आम्हीही थांबवू.' दोघांनीही खुशीने सह्या केल्या.

मंगळवार आला, पट्टी चालूच. शुक्रवार आला, तरी चालूच. दोन्ही गावं दुसऱ्याने आधी थांबवण्याची वाट बघत होती! सर आमच्या अंगणात येऊन बसले. वडिलांना म्हणाले, "चूक माझी हाय. जहाज कवाबी येतं, बाजाराला वार असतो. कुणाचा वार आधी, ते मी धरलंच न्हाई."

तसेच उठून ते आमच्या सरपंचांकडे गेले. मी मागोमाग.

"मंगळवार आधी येतो. आधी आपण थांबवू."

"आमीच काहून?" सरपंच म्हणाले.

"सुरू कोणी केलं व्हतं? अन् आधी पाणी देणारा लहान होत न्हाई. शुक्रवारी त्यांनी पट्टी घेतली, तर भर बाजारात तुमची माफी मागतो."

मंगळवारी आमची जादा पट्टी थांबली. शुक्रवारी सर इस्त्रीच्या शर्टात वडिलांनी भाड्याने केलेल्या टेम्पोत शेळ्यांमध्ये जाऊन बसले; मीही चढले. पट्टी घेतलीच तर कळप तिथंच विकून टाकायचा म्हणून वडिलांनी बोकडांसोबत सगळ्या शेळ्याही चढवल्या होत्या. बाजाराच्या तोंडाशी पट्टीवाल्याने गाडी अडवली. सरांचा चेहरा उतरलेला मला दिसला.

"मंगळवारी आमच्या गाड्यांकून जादा घेतलं न्हाई म्हणतेत, खरं हाय का?"

"खरं हाय," सर म्हणाले.

"मंग रोजचीच पावती फाडतो."

वडिलांनी त्या दिवशी फक्त बोकडं विकली. शेळ्या सगळ्या परत आणल्या. आईने त्यांना दावणीला बांधलं आणि सरांसाठी चहा टाकला. मला इतकं हलकं वाटलं की मी उगाचच रडले.

आता सर निवृत्त आहेत आणि वाणिज्य मी शिकवते. मागच्या महिन्यात आम्ही दोघं शुक्रवारच्या बाजारात गेलो होतो. पट्टीवाला नवीन होता. परगावच्या गाड्यांना जादा घेता का, असं मी मुद्दाम विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "असलं आपल्याकडं कधीच नव्हतं, ताई."

ती जादा पट्टी कोणी थांबवली ते मी सांगणारच होते. सरांनी माझा हात दाबला.

"राहू दे," ते म्हणाले. "इसरले म्हंजे करार पक्का झाला."