व्हर्लिन स्टॅम्परच्या नावापुढचा शेरा

केंटकीच्या डोंगरातल्या त्या गावात व्हर्लिन स्टॅम्पर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. तो आखाती युद्धावर जाऊन आलाय, एवढं गावाला ठाऊक होतं. पण माजी सैनिकांच्या संचलनात तो कधी चालला नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "कंबर धरते." लष्करानं त्याला सन्मानानं निरोप दिला नव्हता, कागदावर वाईट शेरा मारून हाकललं होतं, हे फक्त त्याच्या बायकोला, जनीनला माहीत होतं.

त्यामुळे नॉर्मा केटरिंग नावाची पांढऱ्या केसांची बाई एक दिवस सरळ गॅरेजमध्ये आली आणि "तुमच्या लष्करी कागदावरचा शेरा बदलून घेता येईल, मी फुकट मदत करते," म्हणाली, तेव्हा त्याच्या हातातला पाना तसाच राहिला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"जनीननं."

घरी दोघांचं चांगलंच वाजलं. "तीस वर्षं झोपेत ओरडतोयस," जनीन म्हणाली. "सैनिकांच्या इस्पितळात गेलास तर त्या शेऱ्यामुळे दारातून परत पाठवतात. मी नुसती बघत बसू?"

"पण ती बाई फुकट का करतेय? तिचा काय डाव आहे?"

"जाऊन विचार तिलाच."

तो गेला, पण विचारलं नाही. उलट मुद्दाम थाप मारली, की अधिकाऱ्याच्या कानाखाली वाजवली म्हणून मला काढलं. ही गोष्ट गावात फिरली की बाईचं पितळ उघडं पडणार होतं. मग कितीतरी दिवस तो न्हाव्याकडे, खानावळीत कान टवकारून बसला. कुणी चकार शब्द काढला नाही. त्याचाही त्याला संशय आला.

पुढच्या भेटीत नॉर्मा शांतपणे म्हणाली, "कानाखाली वाजवल्याचं तुमच्या नोंदीत कुठेच नाही. रजेवरून परतला नाहीत, एवढंच आहे. माझी परीक्षा घेत होतात ना?"

व्हर्लिननं मान डोलावली.

"असू दे. आता खरं सांगा."

मग तो बोलला. वाळवंटातला तो रस्ता, जळालेले ट्रक, त्यातून माणसं बाहेर काढायचं काम. रजेवर आल्यावर आईच्या घरी तळघरात जाऊन बसला, तो वर यायलाच तयार होईना. सांगताना तो तिचा चेहरा न्याहाळत होता. कीव दिसली असती तर उठून गेला असता. ती फक्त ऐकत होती.

"काढण्याआधी डॉक्टरनं तपासलं होतं?"

"कसला डॉक्टर? बस स्टँडवर सोडून गेले." मग त्यानं विचारलंच, "तुम्हाला यातून काय मिळतं?"

"मलाही लष्करातून असंच काढलं होतं. माझा अर्ज दोनदा फेटाळला. कुठे चुकतं ते आता कळतं मला."

यावरही त्याचा विश्वास बसला नाही. तिच्या गावी जाऊन त्यानं चौकशी केली. खरं निघालं. जनीनला मात्र त्यानं हे सांगितलं नाही.

काढण्याआधी डॉक्टरनं तपासलंच नव्हतं, या मुद्द्यावर नॉर्मानं त्याचा अर्ज लष्कराकडे पाठवला. दीडेक वर्षानं निकाल आला. शेरा बदलला होता. पूर्ण सन्मानाचा नाही, एक पायरी खालचा. त्यानं नॉर्माला फोन लावला.

"यात काही मेख नाही ना?"

"नाही. इस्पितळात आता तुम्हाला अडवणार नाहीत."

"मग एक पायरी का कापली?"

"मलाही नाही पटलं. पुन्हा भांडू."

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोप कशी लागते?"

"आधी सांगा, हे कुणाकुणाला कळणार?"

त्यांनी नीट समजावून सांगितलं. व्हर्लिननं ऐकून घेतलं, उठून दार स्वतःच्या हातानं लावलं, एकदा ओढून पाहिलं, आणि खुर्चीत बसून बोलायला लागला.