हॉयट प्रिचेटचं स्वच्छ शेत

हॉयट प्रिचेटला तण खपायचं नाही. दक्षिण जॉर्जियात रविवारी चर्च सुटलं की लोक सरळ घरी जात नाहीत, गाडी हळू हाकत एकमेकांचा कापूस बघत जातात. कुणाच्या सरीत गवत दिसलं की जेवायला बसेपर्यंत त्याचा उद्धार झालेला असतो. हॉयटच्या सऱ्या मात्र विंचरल्यासारख्या. बायको लुरलीन म्हणायची, "एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतंस तर मी अजून तरुण दिसले असते."

औषध एकच, पण जालीम. दिसलं तण की फवार, वर्षानुवर्षं तेच. आणि एका उन्हाळ्यात पिगवीड मरेनाच. आपल्या माठाच्या भाजीचंच भावंड ते, पण दांडगं, माणसाच्या डोक्यावर जाणारं. हॉयटने औषध वाढवलं, तसं ते आणखी माजलं. शेवटी मजूर लावून उपटावं लागलं, आणि रविवारच्या गाड्या त्याच्या बांधाशी जास्तच रेंगाळायला लागल्या. पुढच्या साली त्याने जमीन पुतण्याला कसायला दिली. लाज वाटली हो माणसाला, दुसरं काय!

मग प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, हाडांपर्यंत पोचलेला. शहरातलं हॉस्पिटल, रक्ताच्या तपासण्या, गाडी लावायला जागा शोधणं, पुन्हा तेवढाच रस्ता, सगळं लुरलीनच्या अंगावर. इतकी थकली होती की कुणी "कशी आहेस गं?" विचारलं तरी तिला राग यायचा.

गोळ्यांनी रक्तातला कॅन्सरचा आकडा निम्म्याखाली आला, तशी डॉक्टर कार्सवेल म्हणाली, "हॉयट, आता गोळ्या बंद."

"बंद? अजून आत आहे ना ते? साफ करून टाका की!"

"ते साफ होत नाही. तुमच्या शेताची कहाणी तुम्हीच मला ऐकवलीत ना? औषधाने मरणारं तण सगळं मेलं आणि न मरणाऱ्याला मोकळं रान मिळालं. गाठीतही तसंच. बहुतेक पेशी गोळीने मरतात, थोड्या चिवट असतात. मरणाऱ्या थोड्या राखल्या तर त्याच जागा अडवतात, चिवटांना पसरू देत नाहीत."

"म्हणजे मी तण राखायचं!"

"थोडं. आकडा हळूहळू चढेल, चढू द्या. सुरुवातीला होता तिथवर आला की गोळ्या पुन्हा सुरू, उतरला की पुन्हा बंद. नवीन पद्धत आहे, खात्री देत नाही. पण वर्षं मिळायची शक्यता आहे. मधे गोळी घेतलीत तर मात्र सगळं पाण्यात."

लुरलीनने घरी येऊन बाटली फडताळात वरच्या फळीवर, पावट्याच्या डब्यामागे ठेवली.

पुढे प्रत्येक तपासणीत आकडा जिथल्या तिथे. डॉक्टरला नवल वाटलं. "गोळ्या खरंच बंद आहेत ना?"

हॉयट मांडीवरच्या टोपीकडे बघत राहिला. लुरलीनच म्हणाली, "माझ्या फडताळात आहे बाटली. येता-जाता हलवून बघते मी. शब्द देते."

येताना दोघं तळलेले मासे खायला थांबली. कितीतरी दिवसांनी तिला चव लागली.

मग एकदा आकडा एकदम चढला. डॉक्टर घाबरली नाही. "चढणारच होता. आजपासून गोळ्या घ्या, पहिल्यासारख्याच लागू पडतील."

लुरलीनला हायसं वाटलं.

घरी आल्या आल्या तिने बाटली काढली आणि तळहातावर उपडी केली. पावट्याचे दाणे पडले. तिनेच उन्हात वाळवलेले.

"हे काय, हॉयट?"

तो खुर्चीत बसला.

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. ही संपली तेव्हा जुन्या चिठ्ठीवरची दुसरी टपालाने आपोआप आली, तीही मीच काढून घेतली."

"तिने सांगितलं नव्हतं तुला?"

"सांगितलं होतं, कळलंही होतं. पण आत वाढतंय हे माहीत असून हातावर हात ठेवून बसायचं? मला नाही जमलं गं."

"अरे, मी शब्द दिला तिला! तुझा शब्द!" लुरलीनचा आवाज चिरकला. "अख्खं शेत घालवलंस, तरी अक्कल आली नाही? काय करायचं होतं तुला? काही नाही! नुसतं बसायचं होतं माझ्याजवळ. तेवढंही..." पुढे भांडायचंही तिच्यात त्राण उरलं नव्हतं. ती मटकन खाली बसली, ओट्याला टेकून रडली. हॉयटला उठून जवळ जायचा धीर झाला नाही.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, हॉस्पिटलचा नंबर लावला आणि डॉक्टर फोनवर आल्यावर रिसीव्हर त्याच्या हातात दिला. "तू सांग. मी नाही आता."



"डॉक्टर, मी हॉयट बोलतोय. मी फवारणी थांबवलीच नव्हती."

लुरलीन जमिनीवर सांडलेले दाणे वेचत राहिली.