बावीस वर्षं निरंक

आमच्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. मोताळ्यापासून मोटारसायकलनं वीस मिनिटं, एवढं पुरे. नाव लिहिलं तर चोरांना पत्ता सापडेल अशी भीती नाही, त्यांना तो पाठ आहे. अडचण आमच्या पोलीस पाटलांची आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या गावात चोर नाही, चोरी नाही, आणि बावीस वर्षांत कधी झालेलीही नाही.

निवृत्ती पाटील हे त्यांचं नाव. गावात काय घडलं, कोण भांडलं, कोणाचं काय गेलं, हे दर महिन्याला ठाण्यात लिहून कळवणं हे त्यांचं काम. छापील कागदावर मारामारी, चोरी, घरफोडी अशा ओळी असतात. प्रत्येक ओळीपुढं पाटलांच्या गोल वळणदार अक्षरात एकच शब्द पडायचा: निरंक. म्हणजे काही नाही. बावीस वर्षं पाटलांनी हा एकच शब्द लिहिला, आणि अक्षर फार सुंदर आहे म्हणून ठाण्यात त्यांचं कौतुकही व्हायचं.

मी राजकुमार. नाव आईबापांनी हौसेनं ठेवलं, नशिबात पिठाची गिरणी निघाली. गिरणी पाटलांच्या घराच्या बरोबर समोर. मध्ये एक कडुनिंब, आणि त्या निंबाखाली पाटलांची पांढरी जीप. ऊन असो, पाऊस असो, जीपच्या काचा खाली आणि चाबी आत लटकलेली. कुलूप लावणं पाटलांना शिवी दिल्यासारखं वाटे. एकदा माझा पुण्याचा भाचा त्याची गाडी घेऊन आला आणि उतरल्याउतरल्या त्यानं बटण दाबलं. गाडी टीं-टीं वाजली. पाटील ओट्यावरून ओरडले, "काऊन बे, कोनाले भेऊन राह्यला? हे काय पुनं हाये?" भाचा ओशाळला आणि जाईपर्यंत गाडी उघडी ठेवून बसला. जाताना त्याचा चार्जर सापडला नाही.

पाटलांच्या सोयाबीनच्या खोलीला मात्र कुलूप असायचं. मी एकदा विचारलं. म्हणाले, "ते उंदराईसाठी हाये."

आता गावात वस्तू जायच्या, हे काही लपून राहिलेलं नव्हतं. गल्लीतल्या वंदनाचं गॅसचं सिलिंडर भरलेलं गेलं. ती रडत पाटलांकडे आली. पाटलांनी तिला पाणी दिलं, बसवलं आणि समजावलं, "अवं, कोनाघरी पाव्हने आले असतीन, गॅस सरला असन. नेलं असन कामापुरतं. आनून ठेवन." माझा पितळी फवारणी पंप गिरणीच्या मागच्या पडवीतून गेला. मला म्हणाले, "फवारनी झाली का आनून ठेवन." त्याला आता आठ वर्षं झाली. त्या भल्या माणसाची फवारणी अजून चालूच असावी. इतकंच काय, एकदा पाटलांच्याच जीपची स्टेपनी गेली, तर म्हणाले, "पंचर झाली असन एखाद्याची."

पाटील खोटारडे होते असं मी म्हणणार नाही. खोटारड्या माणसाला निदान खरं काय ते ठाऊक असतं. पाटलांचा आपल्या बोलण्यावर पक्का विश्वास होता, आणि आम्हाला त्यांच्याशी वाद घालायचा कंटाळा होता. आम्ही हो म्हणायचो, घरी जाऊन शिव्या द्यायचो आणि मोठं कुलूप आणायचो.

गावात एकच माणूस असा होता, जो पाटलांचं खरं मानायचा. कडूबा. गावाच्या टोकाला त्याचं दीड एकर, वांगी-मिरची लावायची आणि बाजारात विकायची. आधी तो भाजीचा टेम्पो चालवायचा, मग बायकोच्या, पंचफुलाच्या, आग्रहानं शेतातच राहिला. तीन वर्षांमागं त्याच्या विहिरीवरची मोटर गेली. नुसती मोटर नाही, केबलही कापून नेली. कडूबा कापलेलं टोक हातात घेऊन पाटलांसमोर उभा राहिला. पाटलांनी ते टोक उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "घाईत असन बिचारा. वापरून झाली का आनून ठेवन."

"हाव," कडूबा म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या महिन्यात मी त्याच्या विहिरीवर गेलो होतो. मोटरीचे नट-बोल्ट त्यानं तेल लावून एका डब्यात ठेवले होते, डबा दगडाखाली. मी विचारलं तर म्हणाला, "मोटर आनून ठेवली का बसवाले लागतीन ना." मी तिथं मान डोलावली, पण गिरणीवर येऊन चार लोकांना सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो. तीन वर्षं तो शेजाऱ्याकडून उसनं पाणी घेत होता आणि तीन वर्षं आमची ती हसायची गोष्ट होती. आज मला त्या हसण्याची लाज वाटते.

दर ग्रामसभेत पाटलांचं एक भाषण ठरलेलं. "माही जीप गावाची जीप हाये. चाबी आत हाये. ज्याले अडचन पडन त्यानं न्यावं. मले इचारू बी नये. इचारलं म्हंजे अविश्वास झाला!" लोक टाळ्या वाजवत. जीप कधी कोणी नेली नाही, कारण टाळी वाजवायला काही लागत नाही आणि पाटलाच्या जीपला हात लावायला छाती लागते.

यंदा पाटलांच्या तपश्चर्येला फळ आलं. बावीस वर्षांत एकही चोरी नाही म्हणून पंधरा ऑगस्टला जिल्ह्याच्या गावी त्यांचा सत्कार ठरला. पाटलांनी खामगावहून बदामी रंगाचं जाकीट शिवून आणलं. ते ओट्यावरच्या खुंटीला टांगलेलं असे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. पुढच्या वर्षी पाटील साठीला पोचणार, म्हणजे पद जाणार. हा सत्कार त्यांच्यासाठी साऱ्या नोकरीचा निकाल होता.

सत्काराला आठ दिवस उरले असताना, सकाळी मी गिरणीचं शटर वर केलं तर समोर निंब होता आणि जीप नव्हती. रात्रभर पाऊस पडून सगळी जमीन ओली, फक्त जीपच्या आकाराचा एक कोरडा चौकोन तेवढा राहिलेला. पाटील मंजनाचं बोट तोंडात घालून बाहेर आले. त्यांनी चौकोन पाहिला. चूळ भरली. पुन्हा पाहिला.

"नेली असन कोनं," ते म्हणाले.

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचं कौतुक वाटलं. पण विश्वासही जेवणापुरताच टिकतो बहुतेक, कारण दुपारच्या जेवणानंतर पाटील म्हणाले, "न्यावं, पन सांगून न्याव लागते ना मानसानं." चार वाजता म्हणाले, "गावातला नसन." आणि दिवे लागायच्या आत त्यांनी ओट्यावर उभं राहून अशा काही शिव्या दिल्या की गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले.

वंदना दळणाचा डबा घेऊन मुद्दाम ओट्यापाशी थांबली. "पाटील, कोनाघरी पाव्हने आले असतीन. आनून ठेवतीन." माझ्याही जिभेला आठ वर्षांची खाज होती. मी म्हणालो, "फवारनी झाली का येईन जीप." पाटील आमच्याकडे असे पाहत राहिले, जणू आम्ही कुठली परकी भाषा बोलतोय.

शेवटी त्यांच्या बायकोनं, कोकिळाबाईंनी, आतून विचारलं, "तुमीच तं सांगतल्तं ना, इचारू नये म्हनून?"

"ते सभेत सांगतलं होतं!" पाटील ओरडले.

दुसऱ्या दिवशी माझ्या मोटारसायकलवर मागं बसून ते ठाण्यात निघाले. ठाण्यासमोरच्या टपरीवर अर्धा तास बसले. दोन चहा झाले. त्यांचा घोर मला कळत होता: तक्रार दिली तर निरंक संपलं, सत्कार संपला, नाही दिली तर जीप गेली. तिसरा चहा अर्धा टाकून ते उठले. जीप जिंकली.

आत जमादार ओळखीचे. त्यांनी लिहून घ्यायला सुरुवात केली. "संशय कोणावर?"

पाटील म्हणाले, "गावात कालपासून एकच मानूस नाही. कडूबा. घराले कडी लावून नवराबायको गायब हायेत. लोक म्हनतात पिंपळगाव राजाले लेकीकडे गेले. त्याले गाडी येते. आन माह्यावर राग बी असन."

"राग कशाचा?"

"त्याची मोटर चोरीले गेली होती तीन वर्साखाली. म्या तक्रार घेतली नाही."

जमादारांचं पेन थांबलं. "मोटर चोरीला गेली होती? पाटील, तुमच्या कागदावर तर निरंक आहे."

पाटलांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. गावात काही चोरीला गेलं, हे बावीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि तेही कडूबाला अडकवायला. मी तिथं 'कडूबा तसा नाही' असं एक वाक्य म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. जमादार भले होते. म्हणाले, "पंधरा तारीख तोंडावर आहे. कागद दोन दिवस माझ्याजवळ ठेवतो. नाहीच सापडली तर नोंदवू."

तिसऱ्या दिवशी सकाळी जीप आली.

कडूबा चालवत होता. त्यानं ती निंबाखाली नेमकी जुन्या जागेवर लावली, चाबी तशीच ठेवली, काचा खाली केल्या आणि मागचं दार उघडलं. मागं उशीवर डोकं टेकून पंचफुला बसली होती. पाय मांडीपर्यंत सुजलेला, चेहरा राखेसारखा, पण जिती. दोन दिवसांमागं बाजारासाठी वांगी तोडायला ती पहाटे वाफ्यात उतरली आणि साप चावला. कडूबानं तिला पाठीवर घेऊन गावाकडे धाव घेतली. समोर पहिली दिसली ती पाटलांची जीप. तडक बुलढाणा गाठलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर उपयोग नव्हता. फोन वाफ्यातच पडून राहिला होता.

कोकिळाबाई धावत आल्या आणि पंचफुलाला धरून आत घेऊन गेल्या. गल्ली गोळा झाली. कडूबा हात जोडून म्हणाला, "पाटील, तुमची जीप होती म्हनून हे वाचली. सीट खराब झाली होती, धुऊन आनली. डिझेल भरलं."

पाटलांनी आधी फोन काढला आणि जमादारांना लावला. फोनचा आवाज मोठा ठेवायची त्यांची सवय, त्यामुळं सगळ्या गल्लीनं ऐकलं. "साहेब, गाडी भेटली."

"झकास! मग तो कागद फाडतो. तुमचं निरंक ते निरंक. पंधराला वेळेवर या, जाकीट घालून."

पाटलांनी फोन खिशात टाकला. त्यांच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा रंग आला.

कडूबानं विचारलं, "कोनता कागद?"

मी गिरणीच्या पट्ट्याकडे पाहू लागलो. कोकिळाबाई दारात येऊन उभ्या होत्या, त्या नवऱ्याला म्हणाल्या, "सांगा त्याले. तुमीच सांगा."

पाटील ओट्याच्या कडेला बसले. "कडूबा, म्या ठान्यात तुहं नाव देलं. जीप चोरली म्हनून."

"माहं?" कडूबाला ते आधी कळलंच नाही. "पन तुमी तं सांगतलं होतं, ज्याले लागन त्यानं न्यावं. इचारू नये. म्या तं दरसाली ऐकलं."

कडूबा चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. तो विचार करत होता, आणि विचार करूनच बोलला.

"माह्या मोटरीले तीन वर्स झाले, पाटील. तुमी म्हनले आनून ठेवतीन. म्या थांबलो. तुमाले दोन दिस नाही थांबता आलं?"

निंबावरून पावसाचं राहिलेलं पाणी जीपच्या टपावर टपटपत होतं. पाटील उठले. मला वाटलं, आत जाऊन दार लावून घेतील. आत ते गेलेही. पण परत आले ते छापील कागद, पेन आणि चष्मा घेऊन. खुंटीवरचं जाकीट वाटेत येत होतं, ते त्यांनी बाजूला सारलं आणि ओट्यावर मांडी घातली. चोरीच्या ओळीपुढं पेन टेकवलं. त्या जागी दुसरं काही लिहायची त्या हाताला सवयच नव्हती.

"किती एच.पी.ची होती मोटर?" त्यांनी विचारलं.

"पाच," कडूबा म्हणाला. "आन केबल धरा. सत्तर फूट."

पाटील लिहू लागले. मी गिरणीचं बटण बंद केलं, हात झटकले आणि जाऊन कडूबाच्या मागं उभा राहिलो. माझ्या मागं वंदना आली.

"पुढं?" पाटलांनी मान वर न करता विचारलं.

"फवारनी पंप," मी म्हणालो. "पितळी. आठ वर्स झाले."