गल्लीत भरलेला अर्थशास्त्राचा तास

माझी आत्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. आवाज इतका खणखणीत, की शेजारच्या वर्गातल्या पोरांचाही अभ्यास फुकटात व्हायचा. पुस्तक मात्र दूरदेशीचं, उदाहरणंही तिकडचीच.

एकदा ती सांगत होती, "मजुरीचा दर वाढला की माणसं जास्त काम करायला तयार होतात." तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिची आई घरी बसून शर्टांना काजं-बटणं करायची.

"मॅडम, आमच्या गल्लीत कारखान्याने दर वाढवला. तरी एकाही बाईने जास्तीचे शर्ट घेतले नाहीत. मग पुस्तक चुकलं की आमच्या आया?"

वर्ग खो खो हसला. आत्या हसली नाही. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "चला, विचारून येऊ."

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, पोरांना परीक्षा द्यायचीय, गल्ल्या हिंडायच्या नाहीत!"

"परीक्षाही देतील, सर," म्हणत आत्या वर्ग घेऊन निघालीसुद्धा.

गल्लीत आधी कुणी धड बोलेना. आत्या उंबऱ्यावर बसून बटण लावायला शिकली, बोटं टोचून घेतली, तेव्हा कुठे बायका मोकळ्या झाल्या. घोडं अडलं होतं नळापाशी. पाणी भर दुपारी यायचं, आणि त्या अरुंद गल्लीत बारीक टाक्यापुरता उजेडही तेव्हाच उतरायचा. दर कितीही वाढवा, हंडा भरणारा हात सुई कशी धरणार?

मुलांनी यावर शोधनिबंध लिहिला. विद्यापीठाच्या परिषदेत तो मांडायला आत्याने त्याच मुलीला उभं केलं. तिने छान मांडला. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी शंका काढली, "पण ही एकच गल्ली. यावरून सिद्धांत कसा मांडणार?"

मुलगी गांगरली. आत्या उठली. "बरोबर आहे, सर. म्हणून दुसरी गल्ली तुम्ही घ्या."

हशा पिकला. पण प्राध्यापक खरंच कामाला लागले. त्यांच्या भागात पाण्याची अडचण नव्हती. तिथे बायका घरातल्या आजारी माणसांपायी अडकल्या होत्या. मग बंदराकडच्या आणि डोंगराकडच्या कॉलेजांनीही आपापल्या भागातल्या बायकांना गाठून विचारलं. दर ठिकाणी वेगळंच कारण. शेवटी सगळ्यांनी मिळून आपल्या भाषेत पुस्तक लिहिलं. जुना सिद्धांत त्यात आहेच. तो कुठे लागू पडतो आणि कुठे अडतो, तेही आहे. विद्यापीठाने त्यावर नवा विषय सुरू केला.

पहिल्याच परीक्षेत गावोगावची उत्तरं वेगवेगळी आली आणि तपासनिसांची आपसांत जुंपली.

"ताई, काय घोळ घालून ठेवलास!" बाबा म्हणाले.

"भांडू दे रे. निदान उत्तरं वाचतायत तरी!"

बाबा तोंडाने कुरकुरतात. पण घरी पाहुणा आला की आधी ते पुस्तक पुढे येतं आणि मग चहा. लेखकांमध्ये त्या मुलीचं नाव सगळ्यात वर आहे, आत्याच्याही वर. आत्यानेच हट्टाने तसं छापायला लावलं, हे सांगताना बाबांची मान ताठ होते. माझीही.